१२३४५६७८९८७६५४३२१: शेवटचा अंक १ की ०, आणि ही संख्या नेमकी कोणत्या प्रकारची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ एक शेजारी-शेजारी मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग आपण पुस्तकात १२३४५६७८९८७६५४३२१ असा वाचलात. तोच गुणाकार जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत केल्यावर १२३४५६७८९८७६५४३२० आले आणि स्प्रेडशीटमध्ये १२३४५६७८९८७६५४३०० आले. यांतील खरे उत्तर कोणते, ही संख्या मूळ आहे का, तिची गणना कोणकोणत्या प्रकारांत होते आणि आणखी एक १ वाढवला की तो देखणा नमुना का मोडतो, असे आपण विचारले आहे.

मी गेली सत्तावीस वर्षे शाळेतल्या मुलांना ऑलिंपियाडच्या तयारीसाठी संख्या सिद्धांत शिकवत आहे, आणि ही संख्या माझ्या वर्गात दरवर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर येते. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला प्रश्न आकडेमोडीचा आहे. दुसरा संख्येच्या स्वतःच्या घडणीचा आहे, म्हणजे तिचे अवयव कोणते, विभाजक किती वगैरे. तिसरा आपण ती संख्या दशमान पद्धतीत ज्या अंकांनी लिहितो त्या लेखनाचा आहे. "ही कोणत्या प्रकारची संख्या?" याचे उत्तर आपल्याला यांपैकी कोणत्या अंगाने हवे आहे यावर अवलंबून असते, आणि ही अंगे वेगळी केली नाहीत तर गुणधर्मांची नुसती यादी हातात येते, त्यांतला संबंध कळत नाही.

आधी आकडेमोड. कागदावर १११११११११ ला १११११११११ ने नेहमीच्या शाळेतल्या रीतीने गुणा. गुणकाचा प्रत्येक अंक १ असल्यामुळे प्रत्येक ओळीत पुन्हा १११११११११ हीच संख्या येते, फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकून. अशा नऊ ओळी झाल्या की उभ्या स्तंभांत एकांची मोजणी करा. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे वाढत मधल्या स्तंभात नऊ, आणि तिथून पुढे आठ, सात असे उतरत शेवटी पुन्हा एक. सर्वांत उंच स्तंभाची बेरीज ९ आहे, म्हणून कुठेही हातचा येत नाही आणि स्तंभांच्या उंचीच जशाच्या तशा अंक म्हणून खाली उतरतात. पुस्तकातले उत्तर बरोबर आहे.

मग संगणक चुकतो कसा? जावास्क्रिप्ट नेहमीची संख्या ज्या साठ्यात ठेवते त्यात द्विमान पद्धतीचे ५३ सार्थ अंक मावतात. त्यामुळे २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, प्रत्येक पूर्णांक अचूक राहतो. त्याच्या पुढे दुप्पट अंतरापर्यंत फक्त सम संख्याच मावतात. आपली संख्या त्या मर्यादेच्या पुढे आहे आणि विषम आहे, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर ढकलली जाते आणि ३२१ चे ३२० होते. स्प्रेडशीट १५ सार्थ अंकच राखते आणि उरलेल्या जागी शून्ये भरते, म्हणून तिथे ३०० दिसते. पायथॉन या दुसऱ्या संगणकभाषेत पूर्णांकांना अशी मर्यादा नसते, तिथे हा गुणाकार अचूक येईल.

परंतु यंत्र बदलण्याआधी एक सवय लावून घ्या, आणि हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सांगतो. उत्तर संभवनीय तरी आहे का, हे यंत्राशिवाय पाहता येते. पूर्ण वर्गाच्या शेवटी शून्ये असतील तर ती सम संख्येने असतात, त्यामुळे एकाच शून्याने संपणारी ...३२० ही संख्या वर्ग असूच शकत नाही. शेवटची शून्ये वगळल्यावर उरणारी संख्याही वर्गच असावी लागते, आणि कोणताही वर्ग ३ ने संपत नाही, म्हणून ...३०० हेही उत्तर बाद होते. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीने यंत्रावरचे ...३२० पाहून ही संख्या १० ने विभाज्य आहे असे लिहून दिले होते आणि त्यावर पुढचे पानभर अवयव मांडले होते. पद्धत निर्दोष होती, पण पहिली ओळच चुकीची असल्यामुळे सगळे पान वाया गेले. तिला मी एवढेच विचारले की दोन विषम संख्यांचा गुणाकार सम कसा येईल, आणि तिने स्वतःच पान उलटून नव्याने सुरुवात केली.

ही संख्या वाचायची कशी, असेही पुष्कळजण विचारतात. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं, दश, शत यांपासून परार्धापर्यंत जी स्थानांची नावे दिली आहेत, त्यांप्रमाणे सतरावे स्थान 'मध्य' हे आहे, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी खाली. रोजच्या व्यवहारात मात्र "सुमारे १२३ कोटी ४५ लाख गुणिले एक कोटी" एवढे म्हटले तरी अंदाज येतो.

आता संख्येची घडण. ती मूळ संख्या नाही हे उघड आहे, कारण ती १११११११११ चा वर्ग आहे. तेव्हा खरे काम १११११११११ चे अवयव पाडण्याचे आहे. नऊ एकांचे तीन-तीनांचे गट केले तर १११ गुणिले १००१००१ असे लगेच दिसते. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ आहे, म्हणून तिला ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही, आणि भागाकार ३३३६६७ येतो. म्हणजे १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे का, हा यातला खरा कष्टाचा भाग, आणि इथेच थोडा विचार केल्यास पुष्कळ श्रम वाचतात. तिचे वर्गमूळ ५७७ पेक्षा किंचित मोठे आहे, म्हणून सरळ मार्गाने जायचे तर ५७७ पर्यंतच्या सर्व, म्हणजे १०६, मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. पण ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव १००१००१ चा अवयव आहे, आणि १००१००१ ला ९९९ ने गुणले की ९९९९९९९९९ येते. त्यामुळे अशा मूळ अवयवाने १० च्या नवव्या घाताला भागल्यास बाकी १ उरते. तिसऱ्या घातालाच बाकी १ उरत असती तर १००१००१ म्हणजे दहाच्या सहाव्या घाताची, तिसऱ्या घाताची आणि १ ची बेरीज असल्यामुळे तिची बाकी १ + १ + १ = ३ झाली असती, आणि तसे केवळ ३ या अवयवाच्या बाबतीतच शक्य आहे. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ असल्यामुळे ३ तर बाद झालाच. तेव्हा बाकी १ पहिल्यांदा नवव्या घातालाच येते, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (१० ला न भागणाऱ्या मूळ संख्येतून १ वजा करून येणाऱ्या घाताला १० ची बाकी नेहमी १ उरते) त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यास उरलेल्या संख्येला ९ ने भाग गेला पाहिजे. ती मूळ संख्या विषम असल्यामुळे १८ नेही गेला पाहिजे. म्हणून तपासायच्या मूळ संख्या एवढ्याच राहतात: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. एकशे सहांऐवजी सतरा. १९ ने भागल्यास बाकी ८ उरते, ३७ ने भागल्यास १, ५७७ ने भागल्यास १६१, आणि मधल्यांपैकीही कुणाचा भाग निःशेष जात नाही. हे सतरा भागाकार आपण स्वतः करून पाहावेत अशी माझी विनंती आहे, अर्ध्या तासात होतात. ३३३६६७ मूळ आहे.

यावरून आपल्या संख्येत ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो, आणि एवढे हाती आले की घडणीविषयीचे बहुतेक सगळे प्रश्न सुटतात. घातांकांत १ मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते: ५ × ३ × ३ = ४५. ती विषम आहे, आणि पूर्ण वर्गाच्या बाबतीत ती नेहमी विषमच असते, कारण विभाजकांच्या जोड्या लावताना वर्गमूळ एकटे राहते. प्रत्येक मूळ अवयव किमान दोनदा येत असल्यामुळे इंग्रजीत जिला पॉवरफुल नंबर म्हणतात त्या वर्गातही ती बसते, परंतु हा गुणधर्म प्रत्येक पूर्ण वर्गाचा असतो, त्यामुळे तो या संख्येची वेगळी ओळख मानू नये.

परिपूर्ण, विपुल आणि न्यून या जुन्या वर्गीकरणात ती कुठे बसते तेही पाहू. संख्येचे स्वतःखेरीज सर्व विभाजक मिळवले आणि बेरीज संख्येएवढी आली तर ती परिपूर्ण, जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून. आपली संख्या परिपूर्ण नाही हे बेरीज न करताच सांगता येते. तिचे ४५ विभाजक सगळे विषम आहेत, पंचेचाळीस विषम संख्यांची बेरीज विषमच येणार, आणि परिपूर्ण संख्येच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्या दुप्पट, म्हणजे सम, असावी लागते. सर्व विभाजकांची प्रत्यक्ष बेरीजही देतो, ती ३, ३७ आणि ३३३६६७ यांच्या १ पासूनच्या घातांच्या तीन बेरजांचा गुणाकार असते: १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. यातून संख्या वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडे अधिक. ती न्यून संख्या आहे.

घडणीचाच आणखी एक परिणाम मला फार प्रिय आहे. ३ आणि ३३३६६७ या दोन्ही मूळ संख्यांना ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, एकट्या ३७ ला बाकी १ उरते. दोन वर्गांच्या बेरजेचा जो प्रसिद्ध नियम आहे (४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, बाकी ३ उरणारी नसते) त्यानुसार फक्त ३७ मुळेच ही संख्या दोन शून्येतर वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. ३७ चा वर्ग म्हणजे १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग. १२, ३५ आणि ३७ या तिन्हींना ३००३००३ ने, म्हणजे ३ × ३ × ३३३६६७ ने, गुणले की ३६०३६०३६ चा वर्ग अधिक १०५१०५१०५ चा वर्ग बरोबर १११११११११ चा वर्ग. ज्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण नऊ एकांचा आहे आणि बाजू पूर्णांकांत आहेत, असा त्रिकोण हा एकच.

इथवर सांगितलेले सर्व गुणधर्म संख्येचे स्वतःचे आहेत. ती द्विमान पद्धतीत लिहा किंवा रोमन आकड्यांत, ते बदलत नाहीत. यापुढचे गुणधर्म मात्र लेखनाचे आहेत. डावीकडून आणि उजवीकडून सारखीच वाचली जाणे, म्हणजे विलोम संख्या असणे, हा त्यांपैकी सर्वांना आधी दिसणारा. तो किती परिस्थितीवर अवलंबून आहे हे नवाच्या पायावर लिहून पाहिल्यास कळते. आपल्या संख्येत ३ नेमका चार वेळा, म्हणजे ९ नेमका दोन वेळा अवयव आहे. म्हणून नवमान पद्धतीत ती दोन शून्यांनी संपते, पहिला अंक तर शून्य असू शकत नाही, आणि विलोमपणा तिथेच संपतो. एकही अंक प्रत्यक्ष न काढता हे सिद्ध होते.

याचा अर्थ लेखनाचे गुणधर्म हलके असतात असा मात्र मी मानत नाही. त्यांचा आयुष्यभर अभ्यास करणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आपल्याच भागातले. जन्म १९०५ साली डहाणूचा, आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. एक, दोन, तीन अशा केवळ एकांच्या संख्यांचे वर्ग, म्हणजे १, १२१, १२३२१ आणि पुढे, यांना त्यांनी अद्भुत डेम्लो संख्या म्हटले. डेम्लो हे नाव मुंबईजवळच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या त्या स्थानकाचे, जे आज डोंबिवली म्हणून ओळखले जाते. या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली होती. आपली संख्या ही या मालिकेतली नववी, आणि हातचा न येता बनणारी शेवटची.

अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या हे नाव दिले, म्हणजे हर्ष देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, ८१ ने भाग जातो आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, जो पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणून ती हर्षद आहे. त्यांनीच मांडलेल्या स्वयंभू संख्यांत मात्र ती येत नाही. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी मिळत नाही ती स्वयंभू. आपल्या संख्येला जनक आहे: १२३४५६७८९८७६५४२४०. तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि ती मिळवली की ...३२१ येते. दुसरा जनक नाही. जनकाच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत आणि ७५ ते १५३ यांच्या दरम्यान असावी लागते, आणि त्या सगळ्या शक्यता कागदावर तपासल्या तर ८१ एवढीच जुळते.

आतापर्यंतचे एकत्र धरले तर ही संख्या विषम, संयुक्त, पूर्ण वर्ग, ४५ विभाजकांची आणि न्यून आहे, हे तिचे स्वतःचे गुणधर्म. विलोम, डेम्लो आणि हर्षद असणे आणि स्वयंभू नसणे हे दशमान लेखनाचे. या दोन्ही बाजू जिथे एकमेकींना भेटतात ती जागा माझ्या मते या संख्येचे मर्म आहे.

१११११११११ ला ९ ने भाग जातो आणि १२३४५६७९ येतात, ज्यात ८ हा अंक नाही. म्हणून आपली संख्या १२३४५६७९ × ९९९९९९९९९ अशीही लिहिता येते. म्हणजे १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये मांडायची आणि त्यातून १२३४५६७९ वजा करायचे. वजाबाकी करून पाहा. डावा भाग एकाने कमी होऊन १२३४५६७८ होतो आणि उजवीकडे ९८७६५४३२१ उभे राहतात. चढणारे अंक आणि उतरणारे अंक हे एकाच वजाबाकीचे दोन तुकडे आहेत, आणि म्हणूनच त्या दोन तुकड्यांची बेरीज १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ येते. मालिकेतल्या आधीच्या संख्यांतही हेच घडते: १२३२१ मध्ये १२ + ३२१ = ३३३, १२३४५४३२१ मध्ये १२३४ + ५४३२१ = ५५५५५.

आता आपला शेवटचा प्रश्न. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा शेजारी जातो, तिथले ९ आणि हातचा १ मिळून पुन्हा १० होतात, हातचा आणखी पुढे सरकतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. विलोमपणा गेला. परंतु इथेच थांबून याही वर्गाचे दोन तुकडे करा, उजवीकडचे दहा अंक वेगळे आणि डावीकडचे नऊ वेगळे. दहा एकांच्या ११११११११११ या संख्येला ९ ने भागल्यास भागाकार १२३४५६७९० आणि बाकी १ येते, म्हणून तिचा वर्ग म्हणजे १२३४५६७९० × ९९९९९९९९९९ अधिक ११११११११११. त्यामुळे तुकड्यांची बेरीज १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११, म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला तीच संख्या परत येते. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५ या गुणधर्माच्या संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. नऊ एकांच्या संख्येजवळ हा गुण नव्हता, दहा एकांच्या संख्येजवळ तो आहे.